नडगीवरचे निळे डाग

४ मार्च

वन्सं,

हे पत्र एकटीने वाचा. आणि मनातल्या मनात वाचा. कानातलं यंत्र काढलेलं असलं की तुमचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. फोन केला असता, पण फोन कानाला लावला की तुमच्या त्या यंत्रातून नुसत्या शिट्ट्या येतात, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मी सायकल शिकतेय.

हसू नका. साधी सायकल मला सातवीपासून येते. ही वेगळी. बुटकी, लहान चाकांची. मी हातात धरून चालले तर लोकांना वाटेल बाईने कुणा पोराची पळवून आणली. दोन्ही चाकांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, चार-पाच बोटं लांबीच्या लोखंडी नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यावर पाय ठेवायचा. ती मंडळी त्यांना पेग म्हणतात. तुमच्या माहेरी हा शब्द तोंडातून काढायची सोय नाही, म्हणून मी आपली खुंट्या म्हणते.

या सायकलवरून कुठे जायचं नसतं. सपाट जमिनीवर, आहे तिथेच, तिच्याबरोबर खेळायचं. एका चाकावर उभं राहायचं, गिरकी घ्यायची, हँडल उलटं फिरवून पुन्हा सरळ करायचं. फ्लॅटलँड म्हणतात याला. उतार नाही, उड्या नाहीत. नुसता तोल.

आमच्या दातांच्या लॅबच्या मागे ते मोठं दुकान होतं ना, ते बंद पडलं. त्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रोज दुपारी हे लोक येतात. माझं टेबल नेमकं त्या खिडकीशी. पाच महिने मी लोकांच्या दाढा घासत त्यांना बघत होते. एक दिवस डबा खाऊन सरळ खाली उतरले आणि विचारलं, माझ्या वयाला जमेल का? त्यांच्यात एक भिंगरी आहे. हे तिचं तिथलं नाव. तिशीतली, दोन मुलांची आई, लिफ्ट दुरुस्त करते. ती म्हणाली, "पडायला जमेल का ते सांगा, बाकीचं मी बघते."

तर आता दीड महिना झाला. पुढच्या चाकाच्या खुंटीवर डावा पाय, उजवा पाय हवेत लोंबता, मागचं चाक जमिनीवरून उचललेलं, आणि तसंच पुढे जात राहायचं. तिथे गाड्या लावायचे पांढरे चौकोन आखलेत. सलग पाच चौकोन गेलं की ती मंडळी म्हणतात, आलं. माझा अजून एक होतो.

यांना यातलं काही माहीत नाही. यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगू? मला शिंक आली तर थर्मामीटर बाहेर येतो. कळलं तर उद्यापासून बंद. पाच चौकोन झाले की मी स्वतः यांना खिडकीशी आणून उभं करीन आणि खाली जाऊन दाखवीन. तोवर तुम्ही ब्र काढायचा नाही. माझी शपथ.

तुमची भावजय


९ मार्च

बयो,

पत्र मनातल्या मनात वाचलं. हसले मात्र मोठ्याने, त्यामुळे शेजारीण येऊन विचारून गेली, काय झालं.

तू पन्नाशीला आलीस. दिवसभर दुसऱ्यांचे दात करतेस. आता स्वतःचे पाडून घे आणि बसव तूच, घरचंच काम आहे! अगं, मी गुडघ्यांमुळे दोन जिने चढत नाही आणि तू म्हणे एका चाकावर लोंबकळतेस.

रागावले वगैरे नाही. खरं सांगू, हेवा वाटला. कान गेल्यापासून माझाही तोल जातो, डॉक्टर म्हणतात दोन्ही एकाच ठिकाणचं. पण मी तो सांभाळायला भिंत धरते. तू सायकल धरलीस.

चिमणचं तू बरोबर ओळखलंस. त्याला सांगितलंस तर तो तुझ्याआधी आडवा होईल. लहानपणी मी झोपाळ्यावर उभी राहिले की हा खाली उभा राहून रडायचा. रक्त तपासायच्या कामाला मीच त्याला लावलं, माझ्याच हाताखाली शिकला. हात सोन्याचा, पण काळीज चिमणीचं, म्हणून तर ते नाव पडलं. तुझी शपथ पाळीन. पण हेल्मेट घाल, आणि नडग्यांना काहीतरी बांध. चौकोन किती झाले ते कळवत जा, मी इथे भिंतीवर रेघा मारते.

वन्सं


१७ मार्च

ताई,

गेल्या वेळी तू म्हणालीस, चिमण नुसता खुशाली कळवतो, पत्र लिहीत नाही. आज लिहितोय, आणि खुशाली नाही.

हिच्या अंगावर निळे डाग आहेत.

आधी एक दिसला, नडगीवर. विचारलं तर म्हणाली, काही नाही, टेबलाचा कोपरा लागला. मग पोटरीवर दोन, आतल्या बाजूने. मग दंडावर. टेबलाचा कोपरा दंडाला कसा लागेल? परवा कपाटातून काहीतरी काढायला वर हात केला, तेव्हा बाही सरकली, आणि कोपराच्या वर पिवळा पडत चाललेला एक जुना डाग होता. म्हणजे हे आजचं नाही. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तिने बाही खाली ओढली.

ती माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. दुपारी तिच्या लॅबमध्ये फोन केला तर दोनदा म्हणाले, बाहेर गेल्यात. कुठे, ते त्यांना माहीत नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणते, कुठे नाही, टेबलावरच होते. पिशवीत मलमाची ट्यूब सापडली आणि पट्टीचं बंडल. घरी आल्यावर दमलेली असते. बसल्या जागी डुलकी लागते. पण चेहऱ्यावर हसू असतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. आईसुद्धा तेव्हा हसायची.

आईचं असंच सुरू झालं होतं ना ताई? आधी डाग. आपण म्हणालो, कुठेतरी आपटली असेल. मला वाटतं ही एखाद्या डॉक्टरकडे जाते आहे आणि मला सांगत नाही. तू बाईमाणूस, तुझ्याशी बोलते. तुला काही म्हणाली का?

चिमण


२१ मार्च

चिमण,

मला काही म्हणालेली नाही. तू उगाच पराचा कावळा करतोस.

पन्नाशीकडे कातडी पातळ होते. माझ्याही हातावर भाजीच्या पिशवीचे वळ उठतात. दमून डुलकी लागते म्हणजे बाईला झोप येते, त्यात काय आजार? आणि हसते आहे तर हसू दे की! नवरा आणि मलम या दोन गोष्टी एका घरात असल्या की माणूस मलमच वापरणार, कारण ते प्रश्न विचारत नाही.

शांत रहा. चार दिवस तिच्याकडे भिंगातून बघायचं थांबव.

ताई


२१ मार्च

बयो,

याच डाकेने चिमणलाही पत्र टाकलंय. त्याने तुझे डाग पाहिलेत. त्याला आईची आठवण आली आहे. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट, तुला वरवर माहीत आहे, म्हणून नीट सांगते. आईला रक्ताचा कर्करोग होता. पहिली खूण हीच, अंगावर निळे डाग. कळल्यापासून पाच महिन्यांत गेली. चिमण तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

मी तुझ्यासाठी त्याच्याशी खोटं बोलले, आणि टोला मारून विषय हसण्यावारी नेला. पत्र पेटीत टाकल्यापासून बरं वाटत नाही. तू त्याला सांगून टाक गं. शपथेतून मला मोकळी कर.

वन्सं


२६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मलाच चोरासारखं झालं. सांगते, नक्की सांगते. पण मला फक्त आणखी आठ-दहा दिवस द्या. कारण ऐका, काल साडेतीन चौकोन झाले! साडेतीन! भिंगरी शिट्टी वाजवत माझ्यामागे धावत होती. गुपित एवढं ताणलंय, तर आता पाच करूनच सांगते. नुसतं तोंडाने सांगितलं तर हे म्हणतील "बंद". डोळ्यांनी पाहिलं तर निदान एकदा टाळी वाजवतील.

डागांचं म्हणाल तर खुंट्या आणि पायडल कुणाची गय करत नाहीत. सायकल हातातून सुटली की फिरून बरोबर नडगीवरच येते, जणू पत्ता लिहून दिलाय. पण एक आहे, तिथल्या बाकीच्यांना माझ्याइतकं निळं होत नाही. मला जरा टेकलं तरी उमटतं. वयच असेल, तुम्ही म्हणता तसं.

आणि हे काही एवढ्या काळजीत दिसत नाहीत हो. उलट आज सकाळी चांगले गप्पा मारत होते. यांच्या लॅबमध्ये नवं यंत्र आलंय, ते बरोबर चालतंय का बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं म्हणे. म्हणून सकाळी सातला स्वयंपाकघरात बसवून माझ्या हातातून नळीभर काढून घेऊन गेले. मी म्हटलं, घ्या, फुकट आहे.

तुमची भावजय


३० मार्च

ताई,

हिला निळं का होतं, ते कळलं.

मी हिचं रक्त काढलं. यंत्राचं खोटं कारण सांगून. सकाळी कामाची गर्दी होती, सगळे जेवायला गेल्यावर दीडच्या सुमाराला लावलं, हिचं नाव न टाकता, नुसता एक नंबर टाकून, म्हणजे कुणाला कळू नये. बाकी सगळं बरं आहे. प्लेटलेट अडतीस हजार.

अडतीस, ताई. दीड लाख तरी हव्यात. मला वाटलं माझी काही चूक झाली. अर्ध्या तासाने तीच नळी पुन्हा लावली. एकतीस.

नळी फ्रीजमध्ये मागे ठेवली आहे. हिला काही बोललो नाही. मोठ्या इस्पितळातल्या रक्ताच्या डॉक्टरांची वेळ घेतली, सात तारखेची, त्याआधीची मिळाली नाही. तोपर्यंत हिला नुसतं बघत बसायचं. काल हिने चहा दिला आणि विचारलं, तोंड का असं? मी म्हणालो, काही नाही.

तुला एक सांगायचं राहून गेलंय. सत्तावीस वर्षं राहिलंय. आईची ती स्लाइड डॉक्टरांनी पाहिली असं तुम्ही सगळे समजता. त्याच्या अकरा दिवस आधी मी पाहिली होती. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस. आईचं रक्त मीच काढलं, काचेवर पसरलं, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिकडे बघावं तिकडे नको त्या पेशी. घरी गेलो तर आईने दारातच विचारलं, काय दिसलं रे? मी म्हणालो, काही नाही. मग अकरा दिवस कुणालाच सांगितलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज घरी येऊन जेवून झोपायचो. ते अकरा दिवस आधी औषध सुरू झालं असतं तर? हे मी रोज विचारतो, अजूनही.

आता तेच करतोय. तेच शब्द तोंडातून येतात. मला काय करू ते सांग.

चिमण


२ एप्रिल
(कुरियरने. सही घेऊन थेट हातात द्यावे.)

चिमण,

उभ्या उभ्या लिहिते आहे. कुरियरवाला दारात थांबलाय.

आधी माझा गुन्हा. डाग सायकलचे आहेत. बयो अडीच महिने तिच्या लॅबमागच्या पार्किंगमध्ये रोज दुपारी सायकलवरच्या कसरती शिकते आहे आणि दणादण पडते आहे. मला शपथ घातली होती. मी ती पाळली आणि तुला खोटं लिहिलं. माझ्या नावाने हवी तेवढी बोटं मोड, पण नंतर.

आता ऐक. डाग सायकलचे निघाले म्हणून आकडा खोटा ठरत नाही. मलाही धडकी भरली आहे. तीही लिहिते की इतरांपेक्षा तिला जास्त निळं होतं. म्हणून तुला धीर देत नाही, काम सांगते.

स्लाइड पाहिलीस का?

तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त ती नाही. गाढवा, मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? आकडा एक लाखाच्या खाली गेला की यंत्राचं तोंड बंद करायचं आणि स्वतःचा डोळा लावायचा. हजारो परक्या माणसांची स्लाइड तू न चुकता पाहिलीस आणि बायकोची नाही पाहिलीस. का नाही, ते मला कळतंय. आईच्या वेळी काय दिसलं, ते पुन्हा दिसेल म्हणून तू डोळाच लावत नाहीस.

पण डोकं तरी लाव. एकाच नळीतल्या रक्तातल्या सात हजार पेशी अर्ध्या तासात कुठे पळून जातील? माणसाच्या अंगात कमी होतील, नळीत कशा होतील? सकाळी सातला काढलेलं रक्त तू दीडपर्यंत जांभळ्या झाकणाच्या नळीत ठेवलंस. काहींच्या रक्ताला त्या नळीतलं औषध मानवत नाही. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, आणि यंत्राला अख्खी गुठळी एकच काहीतरी वाटते, ते ती मोजतच नाही. अशी दोन-तीन माणसं तू स्वतः पकडली आहेस. एकदा एका बाईचं ऑपरेशन थांबवलं होतं डॉक्टरांनी, तूच धावत गेला होतास सांगायला. आठवतंय?

असं असेलच असं मी म्हणत नाही. असू शकतं. नळी काढ, स्लाइड कर, बघ. आणि नवीन रक्त घे, निळ्या झाकणाच्या नळीत, आणि लगेच लाव. लगेच म्हणजे लगेच.

आणि आईचं. आईला माहीत होतं रे. मी बाळाला घेऊन आले तेव्हा ती मला म्हणाली, "चिमणने पाहिलंय. परवापासून तो माझ्या ताटाकडे बघतो, तोंडाकडे बघत नाही. त्याला काही विचारू नकोस, पोर मोडून जाईल." मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणार होते. तिने नेऊ दिलं नाही. "त्याचं तोंड फुटू दे, मग जाऊ." ते अकरा दिवस तू तिला सांभाळत होतास असं तुला वाटतं. ती तुला सांभाळत होती. आणि मोठ्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं होतं, अकरा दिवसांनी काही फरक पडला असता का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू पाहिलंस हे मला माहीत आहे, हेच तुला कळू द्यायचं नव्हतं. आपल्या घराण्यालाच ही खोड आहे.

बयोला आता तुला सांभाळत बसायला लावू नकोस. आकडा खरा असो की खोटा, रक्त काढायच्या आधी तिला सगळं सांग. ती दुपारी कुठे असते ते आता तुला माहीत आहे. जा.

ताई


३ एप्रिल

ताई,

काचभर गुठळ्या. नको ती एकही पेशी नाही, चारदा पाहिलं. निळ्या नळीतल्या औषधाच्या पाण्याचे दहा टक्के मिळवून दोन लाख चौदा हजार.

आईचं वाचलं. त्यावर आज लिहिता येणार नाही. बाकीचं ती लिहील.

चिमण


५ एप्रिल

वन्सं,

तुम्ही शपथ मोडलीत, म्हणून पहिल्यांदा तुमच्या नावाने खडे फोडले, आणि मग तुमच्या फोटोला नमस्कार केला. आता सगळं क्रमाने सांगते, कारण हे काही धड सांगायचे नाहीत.

परवा दुपारी मी तिसऱ्या चौकोनात होते. डावा पाय खुंटीवर, उजवा हवेत, नजर सरळ. तेवढ्यात फाटकातून एक पांढरा कोट पळत आला. मला वाटलं कुणी डॉक्टर. मग वाटलं, हा डॉक्टर आपल्या ह्यांच्यासारखा पळतो. मग सायकल एकीकडे आणि मी दुसरीकडे.

मी आडवी पडल्या पडल्या मनात सगळी सफाई तयार केली. काय काय बोलायचं, सगळं. पण यांनी सायकलकडे बघितलंसुद्धा नाही. मला उठवून फुटपाथच्या कडेला बसवलं, स्वतः समोर जमिनीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी तुझ्याशी खोटं बोललोय. तुझं रक्त यंत्रासाठी घेतलं नव्हतं." आणि मग एका दमात सगळं. डाग, आकडा, सात तारीख. सासूबाईंची स्लाइड, अकरा दिवस. मग तुमचं पत्र. "नळीतल्या गुठळ्या बघून आलोय, ताई म्हणते तसंच दिसतंय. पण नवीन रक्त मोजेपर्यंत मी काही बोलणार नाही. आकडा जो येईल तो इथे येऊन सांगतो. वाईट आला तरी सांगतो. देतेस का रक्त?"

वन्सं, इतकी वर्षं लॅबमध्ये लोकांना "हात पुढे करा" म्हणणारा माणूस, मला "देतेस का" म्हणत होता. मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून रबरी पट्टा काढून बांधला. भोवती सगळे सायकलवाले गोळा झालेले. भिंगरी पाना उगारून म्हणाली, "ओ, कोण तुम्ही? काय चाललंय?" हे सुई न हलवता म्हणाले, "मी नवरा आहे." एवढ्यावर तिचं कसं काय समाधान झालं कोण जाणे, तिने पाना खाली केला.

रक्त घेऊन हे पळत गेले. मी तिथेच बसले. पाऊण तास.

त्या पाऊण तासाचं काय लिहू? इतके दिवस मला डाग म्हणजे बक्षिसं वाटत होती, मोजत होते मी ते आंघोळीच्या वेळी. आता एकेकाकडे बघून वाटायला लागलं, हा पायडलचा की कशाचा? भिंगरीला सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी बसून एका सायकलची चेन पुसत राहिली. आणि मला यांचाच राग आला. मला न विचारता माझं रक्त! आठवडाभर माझ्यासमोर बसून चहा प्यायले आणि तोंडातून शब्द नाही! मग लक्षात आलं, मीही अडीच महिने तेच करतेय. तरी राग गेला नाही. दोन्ही राग एकदम होते, यांचा आणि माझा.

मग फाटकातून पुन्हा तो कोट. हात वर करून, अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात, तुमच्याच भावाच्या आवाजात: "दोन लाख चौदा हजार!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आणि मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्यांना काही माहीत नाही, त्यांना वाटलं काहीतरी जिंकले काका, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. शिट्ट्यासुद्धा. आणि वन्सं, तुमच्या भावाने त्यांना वाकून नमस्कार केला!

त्यानंतर आम्ही भांडलो. तिथेच, सगळ्यांसमोर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा इतक्या मोठ्याने. मी म्हटलं, माझा आकडा माझा आहे, तो मला आधी कळला पाहिजे. ते म्हणाले, तुझं हाड मोडलं असतं तर मला कुणी कळवलं असतं, ती लिफ्टवाली? भिंगरी म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका." बराच वेळ चाललं. दमल्यावर थांबलो. पुढचं असं ठरलं की यापुढे "काही नाही" हे दोन शब्द आमच्या घरात बंद. त्याच्या बदल्यात यांनी "बंद" म्हणायचं नाही. सात तारखेला तरीही दोघं डॉक्टरांकडे जाऊन येणार आहोत, मीच म्हटलं. एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं की यांचं भिंग कायमचं खाली उतरेल.

मग हे फुटपाथवर बसले आणि म्हणाले, "आता ते काय करत होतीस ते कर बघू."

मी निघाले. पहिला चौकोन, दुसरा, तिसरा. चौथा संपतासंपता हे मागून ओरडले, "सावकाश!" आणि मी गेलेच. सायकल फिरून आली ती थेट नडगीवर. पाच झालेच नाहीत. तुमच्या भिंतीवर चारच रेघा मारा.

हे धावत आले. "लागलं का?"

तोंडावर आलेले ते दोन शब्द मी गिळले. म्हटलं, "लागलं. खूप लागलं. जीव गेला माझा."

यांनी सलवार वर सरकवून बघितलं. चामडी लाल होत होती. हे चष्मा वर करून बघत बसले, एक मिनिट, दोन मिनिटं. हळूहळू कडेने निळं उमटायला लागलं. तशी यांची कळी खुलली. भिंगरीला हाक मारून म्हणाले, "हे बघा, इथे खुंटी लागली, म्हणून इथेच निळं झालं! जिथे लागलं तिथेच! बाकी कुठे नाही!"

भिंगरीने मला हळूच विचारलं, "काका बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "अहो, मला दुखतंय."

"दुखू दे," हे म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

तुमची भावजय